तक्रारीला जागा नाही

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या कॉफीला इर्याने नेहमीप्रमाणे पेपर मोठ्याने वाचला आणि आमच्या मजल्यावरच्या तेरा म्हाताऱ्यांच्या तोंडातला वेलदोड्याचा पाव तोंडातच राहिला. दक्षिणेकडचं कुठलंसं वृद्धनिवास तपासणीत नापास झालं म्हणे. कुलूप. मांजराची पिल्लं वाटतात तशी एकवीस माणसं चार गावांना वाटून टाकली.

इर्या चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती, त्यामुळे ती बातमी वाचते तेव्हा गुन्हा आपणच केलाय असं वाटतं. हल्ली ती एकच बातमी दोनदा वाचते. आजही वाचली. दुसऱ्यांदा ऐकताना मला जास्त भीती वाटली.

वेइक्को म्हणाला, "आपल्याकडे कोण येतंय मरायला! रस्ता तरी धड आहे का?" वेइक्को नव्वदीचा. तरुणपणी नदीतून लाकडाचे ओंडके वाहून न्यायचा, म्हणून जगातली प्रत्येक गोष्ट पाण्यातूनच येते असं त्याला वाटतं.

तेवढ्यात आमची व्यवस्थापिका हेन्नामारी हातात फायली घेऊन दारात. "येतायत की. सव्वीस तारखेला."

मी पाव बशीत परत ठेवला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हेन्नामारीला एकटीला गाठलं. म्हटलं, "आम्ही काय करायचं ते सांग."

"काही करायचं नाही, लेम्पी. आहे तसं दाखवा. काय जमत नाही, कशाला मदत लागते, ते मोकळेपणाने सांगा."

बिचारी! तिला असंच बोलावं लागत असणार. खुर्चीच तशी.

तपासणीतलं तिला काय कळणार? मी एकतीस वर्षं फिरत्या दुकानाची गाडी चालवली. अठ्ठावीस खेडी, थंडी उणे तीस असली तरी पिठाची पोती आणि कॉफीचे डबे घेऊन वेळेवर हजर. त्या गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी व्हायची. आदल्या दिवशी गाडी घासून लख्ख करायची, फाटक्या सीटवर घोंगडी टाकायची, खडखडणाऱ्या दाराच्या फटीत लोकरी मोजा कोंबायचा. तपासनीसाने विचारलं, "काही त्रास?" की म्हणायचं, "तक्रारीला जागा नाही." एकतीस वेळा पास. एकदा टेकडी उतरताना ब्रेक लागला नाही, पण ते तपासणीनंतरच्या आठवड्यात, त्याचा इथे संबंध नाही.

संध्याकाळी वेइक्को आणि इर्याला माझ्या खोलीत बोलावलं. आम्ही तिघांनी मंडळ काढलं. इर्या अध्यक्ष, कारण तिला घंटी वाजवायला आवडते.

१७ नोव्हेंबर, रविवार

मंडळाने ठरवलं ते असं. घर पास व्हायचं असेल तर घरातली माणसं ठणठणीत दिसली पाहिजेत. आजारी माणूस म्हणजे फाटकं सीट. बघणारा म्हणणार, इथे कुणाची काळजीच घेत नाहीत.

आणि आउलिक्कीवर तर बालंट यायलाच नको. सकाळी आमच्या मजल्यावर दोघीच असतात, आउलिक्की आणि सेइया. सेइयाची कंबर गेलेली, म्हणून जड कामं सगळी आउलिक्कीवर. वय बावन्न, हात पोळपाटाएवढे रुंद. तेरा जणांना उठवणं, धुणं, कपडे घालणं, आणि वर प्रत्येकाला "सोन्या". अगदी वेइक्कोलासुद्धा.

मला रोज विचारते, "लेम्पी, सोन्या, मोजे घालू का?" पायाला सूज येते म्हणून डॉक्टरने घट्ट मोजे दिलेत. मी म्हणते, "मी अजून मेले नाहीये." स्वतः घालते, चटकन होतं. आज रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या तेव्हा उजवा मोजा हातात घेतला आणि आठला प्रवचन संपेपर्यंत दोन्ही पायांत. मध्ये जरा विसावा घेतला, तो धरायचा नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

तालमी जोरात.

वेइक्कोला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. पण मी युक्ती काढली. पाहुणे यायच्या आधीच त्याला जेवणघराच्या कोपऱ्यात उभं करायचं, मागे खोली तापवणारा रेडिएटर, पुढे टेबल. मधे असा फिट्ट बसतो की जणू बाटलीचं बूच. वर एक हात खिशात. पाहणाऱ्याला वाटावं, गडी उन्हं खात उभा आहे.

"आणि उन्हं कुठायत?" वेइक्को म्हणाला. "नोव्हेंबर आहे, म्हातारे."

"तू उभा राहा, सूर्याचं मी बघते."

इर्याचं काम नाजूक. तिला तारीख विचारतात, आणि तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. मागच्या तपासणीत सफरचंद, किल्ली आणि होडी होती, सेइयाने सांगितलं. म्हणून मी समोर बसायचं. टेबलावर सफरचंद, गळ्यात माझी किल्ली, भिंतीवर तळ्याचं चित्र, त्यात होडी आहेच. तारखेला बोटं. आधी दोन, मग सहा. इर्याला हे फार आवडलं. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता स्वतः करायला मिळतेय.

तालमीत आउलिक्की आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"नाटक बसवतोय, नाताळचं."

"लेम्पी, तपासणीबद्दल मला तुझ्याशी जरा..."

"जा गं पोरी, तुला कामं आहेत." मी तिला हाकललंच. उगाच तिच्या डोक्याला ताप नको.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी न्हाणीघराची लादी वर आली. पडले असं मी म्हणणार नाही. बसले, जरा घाईने. डावा मोजा अर्धा चढला होता. उजवं मनगट थोडं रुसलंय. लोकरी मनगटपट्टे विणून ठेवले होते, ते दोन्ही हातांत चढवले. छान दिसतात. हे पेन बिघडलंय, अक्षर वाकडं येतंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज सौनाला, शनिवारच्या वाफेच्या अंघोळीला, गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सहा वर्षांत पहिला शनिवार. आउलिक्की माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या मनगटपट्ट्यांकडे. म्हणाली, "घरात बावीस अंश आहेत, सोन्या." मी म्हटलं, "फॅशन." पेनही अजून तसंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पास! पास! पत्र यायचंय अजून, पण पासच. सगळं सविस्तर लिहिते, हात दुखला तरी. (पेन जड आहे.)

दोघं आली. काइसू नावाची उंच बाई आणि तिच्याबरोबर एक टंकलेखक पोरगा, तो मान वर करीत नव्हता. दारात बूट काढले. काइसूच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मला धीर आला. भोक पडलेल्या मोज्यातलं माणूस फार वाईट असू शकत नाही.

वेइक्को आपल्या फटीत, हात खिशात. काइसू म्हणाली, "तुम्ही उभेच? बसा ना."

"बसून काय करू? बसण्यात मजा नाही." रेडिएटरने त्याची पाठ भाजत होती, चेहरा बिटासारखा लाल, पण हलला नाही. काइसूने लिहिलं. मी लांबून वाचायचा प्रयत्न केला. 'रंग उत्तम' असावं.

इर्याची परीक्षा मी डोळ्यात प्राण आणून बघत होते. शब्द तेच, सफरचंद, किल्ली, होडी! मी सफरचंद चावलं, किल्ली खुळखुळवली, चित्राकडे तोंड करून सुस्कारा टाकला. तारखेला बोटं. इर्याने पैकीच्या पैकी मिळवले आणि वर काइसूला म्हणाली, "तू पेन चुकीचं धरतेस."

मग माझा नंबर.

"कपडे कोण घालतं?"

"मीच."

"मोजे?"

"मीच. चटकन."

"अंघोळ? सौनात कुणी सोबत?"

"माझी पाठ माझ्याच मालकीची आहे."

"गेल्या वर्षात कधी पडलात?"

मी मनगटपट्टे सारखे केले. "नाही."

"इथे काही कमी वाटतं? काही हवंय?"

"तक्रारीला जागा नाही."

तेराच्या तेरा जणांनी हेच सांगितलं. मी प्रत्येकाला पढवलं होतं, पण खरं म्हणजे पढवायची गरजच नव्हती. आमच्याकडे आईच्या पोटातून हेच शिकून येतात. वेइक्कोने तर जोड दिली, "आणि तक्रारीला वेळही नाही."

आउलिक्की दोनदा मध्ये बोलायला आली. दोनदा मी तिच्याकडून कॉफी मागवली. काइसूने आउलिक्कीला बाजूला घेऊन, कुणाला किती मदत लागते याचे तिने भरलेले तक्ते दाखवत काहीतरी विचारलं. आउलिक्कीचा चेहरा पडला होता. शाबासकी घ्यायची तिला सवय नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळाची विजयसभा. इर्याने घंटी वाजवली आणि तपासणी कधी आहे असं विचारलं. राय धान्याच्या पिठाच्या पारीत भात भरलेले पिराक्के, वर अंडं-लोणी. वेइक्कोने चार खाल्ले आणि पाठीला मलम लावून घेतलं.

५ डिसेंबर, गुरुवार

मी आज फार चिडलेय.

हेन्नामारीने सगळ्यांना जमवून पत्र वाचलं. निवासी उत्कृष्ट स्थितीत. स्वावलंबन असाधारण. एका वर्षात पडल्याच्या घटना नगण्य. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती वाचतच राहिली. म्हणून, या मजल्याला सकाळी दोन कर्मचाऱ्यांची गरज दिसत नाही. एक जानेवारीपासून आउलिक्कीची बदली साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या निवासात. शनिवारचा सौना बंद, कारण एकट्या सेइयाला कोणाला धरणं शक्य नाही.

इतके चांगले गुण मिळवले आणि वर शिक्षा? कुठल्या शाळेत असं होतं? इर्यालाही विचारलं. ती म्हणाली, कुठल्याच नाही.

विचार करकरून मला उमजलं. आउलिक्कीनेच बदली मागितली असणार. ते घर नवं आहे, सगळं चकाचक, तळ्याकडे काच. माणूस आहे, मोह पडतो. पण मला सांगायचं तरी! दुपारी "सोन्या" म्हणत आली तर मी पेपर तोंडापुढे धरला. उलटा होता, नंतर कळलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या, दरवर्षीसारख्या. आउलिक्कीने लावल्या. तिचे डोळे लाल होते. धूर गेला असणार.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हात चांगला नाही, तरी हे लिहिलं पाहिजे.

आउलिक्की आजचा दिवस त्या नव्या घराची ओळख करून घ्यायला गेली होती. सेइया एकटी. नऊच्या सुमाराला मी खिडकीशी बसले होते. बाहेर उणे अठरा. बघते तो काय, इर्या अंगणातून चाललीय. घरातल्या सपाता, अंगात स्वेटर, हातात घंटी. ताठ मानेने तळ्याच्या दिशेने.

मी मदतीचं बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. सेइया न्हाणीघरातून ओरडली, "येते गं! वेइक्को अर्धा ओला आहे, सोडला तर पडेल!" आणि वेइक्को आतून, "मला सोड! मी पडतो! त्यात नवीन काय!"

तर मीच निघाले. चालताना धरायची माझी ढकलगाडी बर्फात रुतते, म्हणून ती दारातच टाकली. कोट एकाच बाहीत गेला, दुसरा हात आत जायला तयार नव्हता. कुंपणाला धरून धरून गेले. इर्या फाटकापाशी पोचली होती.

"इर्या, कुठे?"

"घंटा झाली. पोरं थांबलीत."

ओढून आणण्याएवढी माझ्यात ताकद कुठली! म्हटलं, "टीचर, आज सुट्टी आहे. स्वातंत्र्यदिन."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग झेंडा कुठाय?"

"वारा नाही ना, म्हणून उतरवला."

"वारा नसला तरी झेंडा उतरवायचा नसतो. कुणी उतरवला? नाव सांग."

"वेइक्कोने."

"वाटलंच मला. चल, त्याला बघते." आणि वळली! तिने माझं कोपर धरलं का मी तिचं, ते सांगता येणार नाही. पायऱ्यांपाशी सेइया टॉवेल हातात घेऊन धावत आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माझ्यावरच ओरडत होती.

इर्याच्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती. दुपारपर्यंत गुलाबी झाली, देवाची कृपा. वेइक्कोला झेंड्याबद्दल पंधरा मिनिटं बोलणी खावी लागली. त्याने खाली मान घालून ऐकली आणि माफी मागितली. कशाची, ते त्याने मला विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

हेन्नामारीच्या खोलीत गेले. म्हटलं, "पत्र चुकलंय. इर्याला एकटं सोडून चालत नाही, हे त्या बाईला दिसलं नाही का?"

हेन्नामारीने चष्मा काढला. "कसं दिसणार, लेम्पी? पैकीच्या पैकी गुण."

मी मनगटपट्ट्याची लोकर ओढत बसले.

"ही शाळा नाही. इथे गुण उलटे असतात. माणसाला जेवढं जमत नाही, तेवढे हात त्याच्यासाठी देतात. आउलिक्कीने तक्त्यात सगळं खरं लिहिलं होतं. वेइक्कोला दोन माणसं, इर्यावर सतत लक्ष, लेम्पीला कपड्यांना मदत हवी पण मानत नाही. तपासणीत त्यांना दिसलं ते बरोबर उलटं. मग त्यांनी काय समजायचं? तिने गरज फुगवून लिहिली. तसा शेरा आहे तिच्या नावावर."

"फुगवून? आउलिक्कीने?"

"पत्रात ती ओळ होती. मी मोठ्याने वाचली नाही. तिनेच नको म्हटलं. म्हणाली, म्हाताऱ्यांना कळलं तर वाईट वाटेल."

खोलीवर आले आणि बसून राहिले. पेपर उलटा धरला होता मी तिच्या तोंडासमोर.

मला ब्रेक आठवला. त्या टेकडीवर गाडीत शेजारची हिल्या होती, सात महिन्यांची पोटुशी. गाडी बर्फाच्या ढिगात घुसली म्हणून वाचलो. मी घरी येऊन काय सांगितलं होतं? तक्रारीला जागा नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

हेन्नामारी म्हणते, वीस तारखेच्या आत हरकत घेता येते. काइसू पुन्हा येऊन बघेल. पण निवाशांनी स्वतः सांगायला हवं.

मंडळाची तातडीची सभा. वेइक्को उसळला.

"नदीच्या मधोमध अडकलेला ओंडका एकट्याने सोडवलाय मी! आणि आता त्या पोरीसमोर म्हणू की माझ्याने पँटचं बटण लागत नाही?"

"बटणाचंच सांग. ओंडक्याचं तिला कळणार नाही."

"तू सांगशील? तू? जिने डॉक्टरला सांगितलं होतं की खोकला कुत्र्याला झालाय?"

"सांगीन."

"आधी तू. मग बघू." आणि मान फिरवून बसला. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "त्या सेइयाला शुक्रवारी मला एकटीने उचलताना कंबरेत कळ आली. 'आई' म्हणाली. साठीची बाई."

इर्याने घंटी वाजवली. ठराव मंजूर, म्हणाली. कुठला, ते तिला ठाऊक नव्हतं, पण मंजूर.

१८ डिसेंबर, बुधवार

काइसू आली. आज मोजे धड होते.

जेवणघरात सगळे बसलेले, आउलिक्की आणि सेइया भिंतीशी. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण माझं हल्लीचं अक्षर मलाच लागेना. मग कागद ठेवला आणि उजवा मनगटपट्टा काढला.

खाली हात पिवळा, हिरवा, कडेला जांभळा. कुणीतरी श्वास ओढला. आउलिक्कीच असणार.

म्हटलं, "हा एकवीस नोव्हेंबरचा. तुम्ही यायच्या पाच दिवस आधीचा. त्याआधी ऑगस्टमध्ये दोनदा, मेमध्ये एकदा. मोजे घालायला मला तास लागतो, आणि नंतर सकाळभर दुसरं काही करायचं त्राण उरत नाही. पाठीला माझा हात दोन वर्षं पोचलेला नाही. सौनात मी नुसती बसून येते. आउलिक्कीने तक्त्यात लिहिलं ते खरं आहे, मी सांगितलं ते खोटं. आणि पेनाला काहीही झालेलं नाही."

पेनाचं कुणाला कळलं नाही. पण मला बोलायचं होतं.

काइसू म्हणाली, "मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, काही कमी वाटतं का. इथे त्याला एकच उत्तर असतं."

मग वेइक्को. आज खुर्चीत होता. "बघा," म्हणाला आणि उठायला लागला. दंड थरथरले, मान ताठ झाली, खुर्ची करकरली. उठला नाही. घामाघूम होऊन म्हणतो, "एवढंच. मागच्या वेळी रेडिएटर उभा होता, मी नव्हतो."

शेवटी इर्या. काइसूने तारीख विचारली. इर्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर ठेवले, मुठी मिटून. तिने पुन्हा पाहिलं, भुवया उंचावून. मी जमिनीकडे बघत राहिले. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नव्हतं, बर्फातून गाडी काढणंही सोपं.

"ती आज मला सांगत नाहीये," इर्या म्हणाली. रागाने नाही. नुसतंच.

टंकलेखक पोराने पहिल्यांदा मान वर केली.

मग आउलिक्की आली. मला वाटलं, आता बोलेल, फुगवून लिहिण्याबद्दल, पेपराबद्दल. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, अंड्यासारखा, आणि म्हणाली, "लेम्पी, तू गाढव आहेस." सोन्या नाही म्हणाली. बरोबरच होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

हे अक्षर आउलिक्कीचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. मनगटात तडा निघाला, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरने विचारलं, महिनाभर याच हाताने वावरलात? मी म्हटलं, दुसरा कामात होता.

(तिने डॉक्टरला आणखीही बरंच काही सांगितलं. ते मी लिहीत नाही. — आ.)

कंसात लिहायचं नाही असं मी बजावलंय.

सकाळी पत्र आलं. यावेळी हेन्नामारीने एकही ओळ गाळली नाही. मजल्यावर दोन कर्मचारी कायम. बदली रद्द. तक्त्यांवरचा शेरा मागे घेतला. इर्याच्या दाराला, उघडलं की वाजणारी पट्टी बसवणार. शेवटी आमचे गुण वाचले, इतके वाईट की वेइक्कोने टेबलावर मूठ आपटून टाळ्या मागितल्या. माझे त्याच्याखालोखाल. तो म्हणतो मी वशिला लावला.

शनिवारी सौनाला गेले. प्लास्टरवर पिशवी बांधून, खालच्या पायरीवर. आउलिक्कीने पाठ चोळली. दोन वर्षांचा मळ निघाला असं ती म्हणते.

(तीन. — आ.)

आता शेवटचं. उद्या नाताळची संध्याकाळ. उद्या सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावतं. माझा नवरा उर्हो चर्चच्या मागच्या बाजूला आहे, पाइनच्या झाडाखाली. गेली दोन वर्षं मी गेले नाही. थंडी सोसत नाही असं सगळ्यांना सांगितलं. थंडीचं काही नव्हतं. तिथे चढ आहे, आणि कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

म्हणून लिहून ठेवतेय, की उद्या आउलिक्कीला विचारायचं आहे, ती मला चाकाच्या खुर्चीतून तिथवर नेईल का. मला एकटीला जमत नाही.

इथे तिने लिहायचं थांबवलं. मी म्हटलं, काय झालं, दमलीस? ती म्हणते, पुढे माझं उत्तर येतं, ते तुझ्या वहीत कसं लिहू?

लिही, म्हटलं. अजून पुष्कळ पानं आहेत.

हो. दोन वाजता निघू, उजेड आहे तोवर. आतून लोकरीची पँट घालायची आणि त्यावर वाद नको. — आउलिक्की